मॅचिंग सेंटर

सहा रंग मागितले तिने, प्रत्येकी बारा मीटर.
कानांवरचे केस भादरलेले, बोटांना शाई,
बिलासाठी नाव विचारलं तर म्हणाली, निर्झरी.
कॉटन दाखवू की सॅटिन?
काका, वाऱ्यावर फडफडलं पाहिजे.

मंगळबाजारात तेहतीस वर्षं उभा आहे मी,
बायकांच्या साड्यांचे पदर दारातल्या उजेडात धरून
त्यांना ब्लाउजपीस जुळवून देत.
ती म्हणाली, लाल. म्हटलं, नुसता लाल असा नसतो पोरी,
कुंकवाचा, डाळिंबाचा, विटेचा, की जखमेचा?
हिरव्यात पोपटी आहे, शेवाळी आहे,
निळ्यात चिंतामणी हल्ली येत नाही,
आणि जांभळा घेशील तर वांग्याचा घे,
हा दुसरा पहिल्याच पाण्यात
शेजारच्या सगळ्यांना लागतो.
ती हसली. मग हाच द्या, म्हणाली.

मीटरपट्टीवर हात जरा सैल सोडला.
दर थानामागे वीतभर जास्त गेलं, शेठनं पाहिलं नाही.
जाताना तिनं एक कागद सरकवला:
रविवारी, फत्तेगंजहून काळ्या घोड्यापर्यंत.
या हं, म्हणाली,
हळदीकुंकवाचं सांगून जावं तशी.

शेठला सांगितलं, दाढ दुखतेय.
अगदीच खोटं नव्हतं,
ठणकत होतंच काहीतरी, एक्याण्णव सालापासून.

अस्तराच्या काउंटरला तेव्हा भानुप्रसाद होता.
जेवताना आधी माझा डबा उघडायचा,
थालीपीठ दिसलं की त्याचे ठेपले
न विचारता माझ्याकडे.
उतरायणाला त्याच्या गच्चीवर
पतंग त्याचा, फिरकी माझ्या हातात.
ढील, तो म्हणायचा, ढील दे,
आणि तळव्यांत दांडी अशी गरगरायची
की रात्री भात कालवताना चुरचुरावं.
पतंग कापला गेला की, लपेट!
ते काम माझं.

पुढे त्याचं ठरलं. सुरतेची मुलगी, सासऱ्यांचं दुकान.
पत्रिकेवर माझं नाव चुकलं होतं, दिघेच्या जागी दिवे.
मी सफारीचं कापड दिलं आहेरात,
आखूड पडलं नसणार.
त्याचे खांदे मला टेप न लावता ठाऊक होते.

तर रविवारी मी समोरच्या फुटपाथवर,
बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा,
जिथे बस थांबत नाही.
ढोल आले. जांभया देणारे पोलीस आले.
दोन पोरं हातात हात घालून, मध्येच भांडत, पाण्याच्या बाटलीवरून.
एक बाप आला, गळ्यात पाटी अडकवलेला,
पाटी उलटी झालेली, त्याला पत्ता नाही.
आणि माझं कापड आलं.

शिवण वाकडी.
लाल-नारिंगीच्या मध्ये काळा दोरा!
मी इतका वैतागलो
की रस्ता कधी ओलांडला ते कळलं नाही.

अरे, आ तो मॅचिंगवाळो!
दिवाळीला दुकानात टाळी वाजवून येणाऱ्या मासीबा,
आज आमसुली शालूत, घामाने पावडर ओघळलेली.
हातातलं टोक त्यांनी माझ्या हातात कोंबलं
आणि चप्पल नीट करायला खाली वाकल्या.
मग त्यांनी ते परत मागितलं नाही.

कमाटीबागेपाशी वारा सुटला.
झाडांत गेल्या आठवड्यातला मांजा अडकलेला,
बहात्तर मीटर एकदम फुगले, ओढ बसली थेट खांद्यापर्यंत.
मागून कुणीतरी ओरडलं, काका, घट्ट धरा.
घट्ट धरायचं नसतं अशा वेळी.
मी ढील दिली.

सिग्नलला स्कूटरवर कर्णिकबाई.
आधी कापडाकडे पाहिलं त्यांनी, मग माझ्याकडे,
हेल्मेटची काच वर केली.
दिघे, तुम्ही?
हो, म्हटलं. माल आमच्याकडचाच आहे.
बराच वेळ सिग्नल लालच राहिला,
डाळिंबाचा म्हणता येईल असा.
ती मोरपंखी साडी आणायची होती, म्हणाल्या, उद्या असाल ना?
असेन, म्हटलं.
सकाळी या. उजेड चांगला असतो.